समोरचं बाक

आमच्या गावात माणूस आजारी पडला की आधी शिंप्याकडे जायचा.

शहरातले वाचक हसतील म्हणून खुलासा करतो. शिंपी औषध देत नसे. औषधासाठी कुठे जायचं एवढंच तो सांगायचा, आणि आमच्याकडे आजारापेक्षा तोच प्रश्न मोठा असायचा. ताप आपोआप उतरतो. पण चुकीच्या दवाखान्यात गेल्याची चर्चा वर्षभर उतरत नाही.

शिंप्याला सगळं गाव मामा म्हणायचं. दुकान बसथांब्यासमोरच्या वळणावर. मशीन दाराशी लावलेलं, त्यामुळे मान न वळवता मामांना तीन गोष्टी दिसत: बसमधून कोण उतरलं, पुलावरून पलीकडे कोण गेलं आणि रस्त्याच्या त्या बाजूला सरकारी दवाखान्याच्या बाकावर कोण बसलंय. तीस वर्षं पायडल मारता मारता त्यांनी हे पाहिलं होतं. एवढा अभ्यास करून लोक डॉक्टरेट मिळवतात. मामांनी फक्त मत बनवलं होतं.

मत एका वाक्याचं होतं. "बाक बघा. जिथे बाक भरलेलं, तिथला डॉक्टर चांगला."

पुलाच्या पलीकडे एक खाजगी डॉक्टर होते. त्यांना आम्ही 'पलीकडचे डॉक्टर' म्हणायचो. त्यांच्याकडे दोन बाकं, पाच पायऱ्या आणि एक कठडा, आणि सकाळी आठपासून हे सगळं भरलेलं. नंबर लागायला तीन तास. आत गेल्यावर ते काही विचारत नसत. तोंडाकडे बघायचे आणि इंजेक्शन भरायला घ्यायचे. वर एक लाल औषध द्यायचे, ज्याने जीभ दोन दिवस लाल राहायची. पेशंटने खरंच औषध घेतलंय याचा घरच्यांना तेवढाच पुरावा.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई याच्या अगदी उलट. दोन वर्षांपूर्वी आल्या. नऊ म्हणजे नऊला दार उघडायच्या. आलेल्या माणसाला लगेच आत घ्यायच्या आणि प्रश्न विचारायच्या. किती दिवस झाले? आधी कधी झालं होतं? घरात आणखी कुणाला आहे? झोप लागते का? "सगळं मीच सांगायचं, तर ही बाई शिकून काय आली?" असं आमच्या पोस्टमनने एकदा जाहीरपणे विचारलं होतं. शिवाय बाई गरज नसेल तर इंजेक्शन देत नसत. गरज आहे की नाही हे त्याच ठरवायच्या, हा तर आगाऊपणाच झाला.

त्यांच्या दाराबाहेर पत्र्याखाली एक हिरवं बाक होतं. आठ माणसांचं. ते कायम रिकामं. कारण उघड होतं. माणूस आला की पाच मिनिटांत आत, पंधरा मिनिटांत बाहेर. बाकावर टेकायला सवडच मिळायची नाही. पण हे रस्त्याच्या अलीकडून दिसत नव्हतं. अलीकडून दिसायचं ते रिकामं बाक. ते बघून मामा म्हणायचे, "कावळासुद्धा बसत नाही हो तिथे," आणि मग जे दोन-चार जण जायचे तेही पुलाकडे वळायचे.

मामांना ही पारख कुठून आली, ते सांगायला हवं. त्यांच्या स्वतःच्या दुकानातही एक बाक होतं, आणि ते गावातलं सगळ्यात भरलेलं बाक होतं. मामा ते अभिमानाने दाखवायचे. "बघा, सकाळपासून माणसं बसलीत. उगाच नाही बसत." उगाच बसत नव्हतीच. मामांनी आयुष्यात एकही कपडा दिलेल्या तारखेला दिला नव्हता, म्हणून बसत होती. मी स्वतः चार महिने एका पँटसाठी बसत होतो. माझ्या शेजारी बसायचा तो नवरदेव. त्याचं लग्न होऊन सात महिने झाले होते, पण लग्नाचा कोट व्हायचा होता, म्हणून आमच्यासाठी तो अजून नवरदेवच.

"मामा, आता बायको विचारते, तो कोट नक्की होता का?" नवरदेव म्हणायचा.

"तिला सांग, घाईचं काम मी करत नाही. परत लग्न करशील तेव्हा उपयोगी पडेल."

अशा या मामांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात एके दिवशी सुई गेली.

मोडलेल्या सुईचं टोक जमिनीवर पडलं होतं. मामा पायडल नेहमी अनवाणी मारायचे. चप्पल घातली की मशीन काय म्हणतंय ते तळपायाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुई गेली तेही तळपायाला कळलं नाही. संध्याकाळी मामींनी जमिनीवर रक्ताचे ठिपके पाहिले, तेव्हा शोध लागला. मामांना शुगर होती. पलीकडच्या डॉक्टरांनी तसं चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "गोड जरा बेतानं," एवढंच ते म्हणाले होते. मामांनी चहा तेवढाच ठेवला आणि साखर डावीकडून ढवळायला लागले.

मामींनी टोक उपसून काढलं, हळद भरली, चिंधी बांधली. आठ दिवसांनी चिंधी सोडली तर अंगठा सुजलेला.

"दुखतंय का?" मामींनी विचारलं.

"अजिबात नाही. म्हणजे बरं होतंय."

मामी काज-बटणाचं काम करायच्या. दुकानातला तो कोपरा त्यांचा. कापडाला मिळताजुळता दोरा शोधावा तर मामींनी. तीनशे रिळांत हात घालून हवं ते रीळ न बघता काढायच्या. त्यांना अंगठ्याचा रंग आवडला नाही. शब्दांत सांगता येईना, तेव्हा त्यांनी रिळांच्या पेटीतून एक गुलाबी रीळ काढून अंगठ्याशेजारी धरलं. तंतोतंत जुळलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं. चार दिवसांनी पुन्हा धरलं तर जुळेना. जांभळं काढावं लागलं.

तेव्हा मामा एकदाचे पुलापलीकडे गेले. तीन तास कठड्यावर बसले आणि प्रसन्न होऊन परत आले. "काय गर्दी होती! एक इंजेक्शन दिलं. लाल औषध दिलं."

"अंगठा बघितला का त्यांनी?"

"त्यांना कशाला बघायला लागतंय? तोंडावरून ओळखतात."

"अहो, पण अंगठा तोंडाला आहे का?"

मामांनी जीभ काढून दाखवली. लाल होती. विषय संपला.

आणखी तीन दिवसांनी मामींनी पेटीतून जे रीळ काढलं, ते काळपट पँटच्या शिलाईचं होतं. काळं नव्हे, पण काळ्याच्या अलीकडचं. मग मात्र त्यांनी तिन्ही रिळं पदराला बांधली, "बटणं आणते" म्हणून बाहेर पडल्या आणि दुपारच्या वेळी मामा डुलकी घेत असताना रस्ता ओलांडला. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली केला. जणू पळून जाऊन लग्न केल्याचं सांगत होत्या.

बाईंच्या टेबलावर त्यांनी तीन रिळं ओळीने मांडली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"आमच्या ह्यांचा अंगठा."

बाई प्रश्न विचारणाऱ्या, हे एक बरं होतं. शुगर आहे का? दुखतंय का? नाही? वास येतो? ताप? मग त्यांनी तिसरं रीळ उचलून उजेडात धरलं. "हे कधीचं?"

"आज सकाळचं."

"त्यांना आत्ता घेऊन या."

"ते यायचे नाहीत बाई. तुमचं बाक रिकामं असतं."

"बाक?"

मामींनी समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं. दोन वर्षांत आपल्याकडे माणसं का येत नाहीत याची त्यांनी बरीच कारणं शोधली असणार. बाक त्यात नसावं. त्या म्हणाल्या, "मामी, स्पष्ट सांगते. आज-उद्या आले तर अंगठ्याचं टोक जाईल, पाय वाचेल. चौथं रीळ काढायची वेळ आली, तर ते पुन्हा पायडल मारणार नाहीत."

मामी घरी आल्या. आधी सरळ मार्गाने गेल्या. समजावलं, रागावल्या, रडल्या. मामा कैची खाली न ठेवता म्हणाले, "अगं, दोन वर्षं मी गावाला सांगतोय तिथे जाऊ नका. आता मीच समोरच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसू? गाव काय म्हणेल? उद्या मला कुणी काही विचारेल का?"

"पाय गेला तर काय विचारतील?"

"पाय कुठे जातोय? दुखतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला आम्ही नेहमीप्रमाणे दुकानाच्या बाकावर होतो. मी, नवरदेव, पोस्टमन, शाळेच्या गणवेशासाठी आलेल्या दोन बायका आणि असेच आणखी सहाजण. मामा आतल्या बाजूला कापड बेतत होते. मामी बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सगळे उठा. समोरच्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसा."

"का?"

"तिथे बसाल त्यांचे कपडे या आठवड्यात मिळतील."

तीस वर्षांत त्या दुकानातून अशी घोषणा कधी झाली नव्हती. पोस्टमन चप्पल घालायलाही थांबला नाही.

बाक आठ जणांचं, आम्ही अकरा. तिघे पायरीवर बसले. बघता बघता तो दवाखाना चांगला दिसायला लागला, हे मलाही मान्य करावं लागेल. बसमधून उतरलेल्या एका म्हातारबाबांनी आमच्याकडे बघितलं, पुलाकडे बघितलं आणि येऊन पायरीवर चौथे बसले. त्यांना खरोखरच खोकला होता.

अडचण एकच झाली. बाईंनी दार उघडलं आणि नेहमीसारखं लगेच एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली. मामींनी आदल्या संध्याकाळी पुन्हा जाऊन त्यांना विनवलं होतं, "उद्या जरा हळू तपासा." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पेशंटला ताटकळत ठेवायचं मला जमणार नाही." तत्त्वाच्या माणसांपुढे इलाज नसतो. या वेगाने बाक पाऊण तासात रिकामं झालं असतं, आणि मामांनी अजून मान वर केली नव्हती.

पहिला नंबर माझा लागला.

"काय त्रास आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. मामींनी पाठवलंय. पँट शिवायला टाकलीय."

"आलातच आहात तर हात पुढे करा." त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडे बघितलं आणि पुन्हा फुगवला. "बीपी बरंच वाढलंय. कधीपासून आहे?"

"चार महिने झाले असतील," मी म्हणालो. पँटच्या हिशेबाने.

गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी बाहेर आलो आणि इमानदारीत रांगेच्या शेवटी जाऊन बसलो. माझ्यामागून पोस्टमन बाहेर आला, तोही शेवटी बसला. त्याला चष्मा सांगितला होता. पत्रं इतकी वर्षं भलत्याच घरी का जात होती, ते गावाला त्या दिवशी कळलं. नवरदेव निरोगी निघाला आणि थोडा खट्टू झाला.

शेवटी मामांनी मान वर केली.

आधी त्यांना आपलं बाक रिकामं दिसलं. ते तसेच उभे राहिले, हातात खडू. मग रस्त्यापलीकडे नजर गेली.

"अगं, हे काय? सगळं गाव आजारी पडलं का काय?"

"काय की बाई," मामी बटण लावत म्हणाल्या. "लोक म्हणतात, डॉक्टरबाईंचा हात चांगला आहे. आता जागा मिळणं मुश्कील."

"पायरीवरसुद्धा बसलेत!"

"उद्यापासून कठड्यावर बसतील."

मामांनी खडू ठेवला. टेप गळ्यात तशीच. आमच्याकडे बघत, अंगठा जमिनीला न लावता ते रस्ता ओलांडून आले. मामी मागोमाग. मी सरकून जागा केली. मामा बसले, दोन्ही बाजूला बघितलं आणि तृप्त आवाजात म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"दोन तास तरी," पोस्टमन म्हणाला. माणूस पत्रांत चुकायचा, पण प्रसंग ओळखायचा.

"छान," मामा म्हणाले.

त्यांची चिंधी सुटली होती. आम्ही सगळ्यांनी अंगठा पहिल्यांदाच बघितला. मामी दाराशी जाऊन बाईंना घेऊन आल्या. बाई खाली वाकल्या, पायाला हात लावला. "मामा, चला आत."

"माझ्यापुढे दहा-बाराजण आहेत."

"असू द्या. तुम्ही चला."

"नाही, नाही. नंबराने येईन. धाडकन आत घेणारा डॉक्टर मला नको."

बाक भरण्यात मामींची सकाळ गेली होती. आता ते भरलेलं बाकच आडवं आलं. नवरदेवाला राहवेना. "अहो मामा, जा ना! आम्हाला काही झालेलं नाहीये, आम्ही तर को—" एवढ्यात मामींनी त्याच्याकडे असं बघितलं, की कोटाचं उरलेलं भवितव्य त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तो खोकला. खोकल्यावर खोकला काढत बसला.

मामांच्या कपाळाला आठी पडली. "काय झालेलं नाही म्हणतो हा?"

मी मनात म्हटलं, संपलं. आता उठतील आणि पुलाकडे चालू लागतील.

बाई उभ्या राहिल्या. दोन वर्षं त्यांनी या गावाला प्रश्न विचारले होते. त्यातला बहुतेक हा पहिलाच प्रश्न गावाच्या भाषेत होता. आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "या दहा-बारा जणांना थांबवून मी तुम्हाला आधी आत घेतलं, तर कुणाची हरकत आहे का?"

पलीकडच्या डॉक्टरांकडे नंबर मोडून आत जाणारी माणसं मोजकी. सरपंच, बँकेचे साहेब, डॉक्टरांचे सासरे. मामा तिथल्या कठड्यावर बसून वर्षानुवर्षं ती आत जाताना बघत आले होते.

"नाही, नाही, हरकत कसली," आम्ही एकसुरात म्हणालो. "मामांना आधी घ्या." पोस्टमनने तर जरा कुरकुर केल्यासारखं केलं, म्हणजे मानाला वजन यावं.

मामा उठले. टेप सारखी केली. आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि लंगडत, पण थाटात आत गेले.

पुढचं भराभर झालं. बाईंनी जखम साफ केली, बाटली लावली आणि दवाखान्याच्या गाडीतून त्यांना तासाभरात मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे अंगठ्याचं टोक गेलं, नखासकट. पाय राहिला. अकराव्या दिवशी मामा घरी आले ते पायाला जाडजूड पट्टी बांधून. बाईंनी बजावलं: रोज शुगरची गोळी, एक दिवसाआड ड्रेसिंग आणि दोन महिने पायडलला पाय लावायचा नाही.

पहिल्या ड्रेसिंगला मी त्यांना हात धरून घेऊन गेलो होतो. टेबलावर केसपेपराशेजारी तीन रिळं अजून तशीच होती. मामांनी बराच वेळ ती बघितली.

"ही माझ्या दुकानातली आहेत."

"हो," बाई म्हणाल्या. "तुमच्याआधी तुमचा अंगठा इथे आला होता."

मामांनी तिसरं रीळ उचललं, उलटसुलट केलं, दोऱ्याचं सुटलेलं टोक खाचेत नीट अडकवलं आणि परत ठेवलं. परतताना हिरव्या बाकाशी थांबले. बाकावर तो खोकल्याचा म्हातारबाबा होता आणि पाच अनोळखी माणसं. एकाच्याही अंगाला मामांच्या दुकानाचं माप लागलेलं नव्हतं. मामांना किती कळलं होतं ते मी विचारलं नाही.

मामा इस्पितळात गेले त्या दिवसापासून दुकानात मशीनवर मामी बसत होत्या. आणि मामींनी एक भयंकर गोष्ट केली. त्या कपडे दिलेल्या तारखेला द्यायला लागल्या. आठवड्यात माझी पँट आली, नवरदेवाचा कोट आला, गणवेश गेले. गिऱ्हाईक यायचं, पिशवी घ्यायचं, जायचं. पंधरा दिवसांत दुकानाचं बाक ओस पडलं.

आणि गाव बाकाकडे बघून बोलायला लागलं. मीच बसथांब्यावर ऐकलं. "पूर्वी इथे बसायला जागा नसायची. कारागिरी गेली बघा." एक बाई तर लग्नाचे कपडे घेऊन दारापर्यंत आली, रिकामं बाक बघितलं आणि तालुक्याच्या बसमध्ये चढली. खरं सांगतो, वेळेवर मिळालेल्या पँटची शिलाई मीही दोनदा उलटून तपासली.

मामांनी हे चार दिवस आतून पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी ते पट्टीचा पाय सांभाळत बाहेर आले आणि आपल्याच दुकानाच्या बाकावर गिऱ्हाइकासारखे बसले. मांडीवर एक जुना सदरा घडी करून ठेवला. मला हाक मारली. "ये, बस. काम आहे का काही?"

"नाही."

"मग बसच."

आम्ही बसलो. थोड्या वेळाने पोस्टमन नव्या चष्म्याने आम्हाला बघून थांबला, तोही बसला. मग बसमधून एक परका गृहस्थ उतरला, हातात कापडाची गुंडाळी. त्याने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "इथे वेळ लागतो का हो?"

"लागतो," मामा म्हणाले. "बसा. घाई करू नका. कारागीर फार चांगली आहे."

आतून मशीन थांबलं. "मापं घेऊ का?" मामींचा आवाज आला. "आत या ना, मी मोकळीच आहे."

मामांनी गृहस्थाच्या दंडाला धरून त्याला बाकावर बसवलं. "अहो, ती असंच म्हणते. तुम्ही बसा."

त्याच्याजवळच्या कापडाकडे बघून त्यांनी आत हाक दिली, "अगं, निळा दोरा लागेल. तू काढ. तुझी नजर चांगली आहे."